कनेक्शनवाले मेजर

शिरूरच्या दवाखान्यात मी कामाला लागले, त्या दिवशी पहिल्या दहा मिनिटांतच एका अनोळखी माणसानं मला एका पायावर उभं केलं.

चूक माझीच होती. मी दौंडहून सकाळच्या एसटीनं आले होते, आणि उतरताना वरच्या फळीवरची कुणाची तरी पिशवी माझ्या डोक्यावर पडली होती. पिशवीत मेथीच्या जुड्या होत्या. नव्या ठिकाणी बोलायला काहीतरी विषय हवा, म्हणून मी ही गंमत दारात उभ्या असलेल्या माणसाला सांगितली. साठीच्या अलीकडचे, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, मिशा कातरलेल्या, हातात वही. ते हसले नाहीत.

"कोणत्या बाजूला लागलं?"

"लागलं नाही हो. मेथी होती."

"जुड्या किती?"

"दोन असतील."

"ओल्या का सुकलेल्या?"

मला वाटलं, हेच डॉक्टर. त्यांनी चपला काढायला लावल्या, कमरेवर हात ठेवायला लावले, डोळे मिटायला लावले आणि डाव्या पायावर उभं केलं. बाकावर बसलेले दहा-बारा म्हातारे माजी सैनिक मोठ्यांदा मोजू लागले. "सतरा… अठरा… एकोणीस…" वीस झाल्यावर टाळ्या पडल्या. मग त्या गृहस्थांनी पाच शब्द माझ्याकडून पाठ करून घेतले, नोंदणीची खिडकी दाखवली आणि निघून गेले. मी कॉम्प्युटरचा पासवर्ड शोधत होते, तेवढ्यात खिडकीतून त्यांचं डोकं आत आलं.

"ते पाच शब्द?"

मला चार आठवले. "चार," असं म्हणून त्यांनी वहीत लिहिलं आणि अत्यंत काळजीच्या चेहऱ्यानं निघून गेले. नंतर दिवसभर दर तासाला येऊन ते विचारायचे, "डोकं दुखतंय?" चार वाजता खरोखरच दुखायला लागलं.

ते डॉक्टर नव्हते. फौजेत त्यांनी नर्सिंग असिस्टंट म्हणून नोकरी केली होती, आणि निवृत्तीनंतर माजी सैनिकांच्या आमच्या लहानशा दवाखान्यात बीपी बघणं, इंजेक्शन देणं, ड्रेसिंग करणं ही कामं ते करत. मूळचे वरवंडचे. आता ते तिकडेच शेतावर असतात आणि मी दौंडला दुसऱ्या नोकरीत आहे. पण एवढी वर्षं झाली तरी कुणाचं डोकं कशावर आपटलेलं दिसलं, की माझ्या तोंडून आधी निघतं, "आज वार कोणता?"

आमच्या भागात फौजेतून आलेल्या प्रत्येकाला मेजरच म्हणतात, मग तो शिपाई असो, स्वयंपाकी असो वा ड्रायव्हर. दवाखान्यात नुसतं "मेजर" म्हणून हाक मारली तर तेराजण उठायचे. म्हणून ह्यांना वेगळं नाव हवं होतं, आणि ते त्यांनी स्वतःच मिळवलं. डोक्याला मार लागून मेंदू हादरतो, त्याला इंग्रजीत कन्कशन म्हणतात. हा शब्द मेजर दिवसातून चाळीस वेळा उच्चारायचे. बाकावरच्या लोकांनी त्याचं कनेक्शन केलं. एकदा तर एक बाबा न्हावऱ्याहून शेतातल्या मोटारीसाठी नवीन कनेक्शनचा अर्ज घेऊन आमच्याकडं आला. मेजरांनी त्याला हाकललं नाही. "डोक्याला कधी लागलंय का?" विचारलं. तो म्हणाला, "लहानपणी चिंचेवरनं पडलोवतो." झालं. अर्ध्या तासानं तो बाबा बाहेर पडला तेव्हा त्याचा अर्ज तसाच होता, पण मेंदू ठणठणीत असल्याचा लेखी दाखला खिशात होता.

कन्कशन म्हणजे काय, हे सांगायची त्यांची एक पद्धत होती. "डब्यात दही आहे असं समजा. डबा हातातून निसटला. डब्याला पोचा नाही, झाकण उघडलं नाही, एक थेंब बाहेर नाही. पण आतल्या दह्याचं काय झालं?" हे ते इतकं गंभीरपणे विचारायचे, की समोरचा माणूस आपल्या डोक्याला हात लावून बघायचा. फक्त एकदा एका आजींनी शांतपणे सांगितलं होतं, "मोडलं आसंल तर कढी करायची."

फौजेतली तपासणी त्यांनी मराठीत आणली होती. आधी वार, महिना, साल आणि किती वाजले ते विचारायचं. मग पाच शब्द सांगायचे आणि ते तीनदा म्हणवून घ्यायचे. मग आकडे उलटे, वर्षाचे महिने उलटे. मग एका पायावर उभं राहायचं. आणि शेवटी, समोरचा सगळं विसरला असेल अशा वेळी, तेच पाच शब्द पुन्हा विचारायचे. पहिली यादी होती कोयता, पितळ, लोणचं, सायकल, चिमणी. सहा महिन्यांत ती अख्ख्या शिरूरला पाठ झाली. मेजर बाजारात शिरले की भाजीवाल्या बायका लांबूनच ओरडायच्या, "कोयता, पितळ, लोणचं! आम्ही ठीक हाओत मेजर!" आणि मेजर सायकलवरून उतरून कळकळीनं म्हणायचे, "अहो, पुढचे दोन?" सायकलवर ते हेल्मेट घालत. एसटीत मागच्या सीटवर बसायची वेळ आली तर एसटीतही घालत.

यादी फुटल्यावर त्यांनी नवीन याद्या केल्या आणि त्या लशींच्या फ्रिजमध्ये लपवल्या. डॉक्टर मॅडमना धनुर्वाताची लस शोधताना एक गार पडलेली चिठ्ठी सापडली. वांगं, चष्मा, पूल, हत्ती, मीठ. त्या चिठ्ठी घेऊन माझ्या खिडकीशी आल्या. "ही कुणाची सामानाची यादी आहे? आणि हत्ती कशाला हवाय?"

महिने उलटे म्हणायच्या परीक्षेत तर एकदा भांडण लागलं. मांडवगणच्या एका आप्पांनी इंग्रजी महिन्यांना नकार दिला आणि फाल्गुन, माघ, पौष असे उलटे निघाले. श्रावणाशी आल्यावर त्यांनी विचारलं, "अधिक धरायचा का न्हाई?" मेजर म्हणाले, नाही धरायचा. आप्पा म्हणाले, अधिक सोडला तर सगळं पंचांगच खोटं पडतं. दोघं उठून शेजारच्या मेडिकलमध्ये भिंतीवरचं कॅलेंडर बघायला गेले आणि पाऊण तास आलेच नाहीत. इकडे इंजेक्शनवाले सातजण रांगेत ताटकळले होते.

ह्या वेडामागं काहीतरी मोठी दुःखद हकीकत असणार, याबद्दल आम्हा सगळ्यांना खात्री होती. आमचा शिपाई म्हणायचा, ह्यांचा जिगरी दोस्त डोक्याला लागून गेला. मॅडमना वाटायचं, ह्यांनाच कधीतरी स्फोटाचा हादरा बसला असावा. एक दिवस चहा पिताना मी धीर करून विचारलंच.

"मेजर, तुम्हाला ह्या डोक्याच्या विषयाची एवढी ओढ कशी लागली?"

त्यांनी बशी खाली ठेवली. बराच वेळ खिडकीबाहेर बघितलं. मी रुमाल काढून तयार ठेवला.

"कोर्सला एक माणूस कमी पडत होता," ते म्हणाले. "मी रजेवरून दोन दिवस आधी आलो होतो. मला पाठवला. आवडलं."

बस्स. एवढंच. मी नंतर खूप विचार केला, आणि मला ते दुःखद हकीकतीपेक्षा मोठं वाटलं. स्वतःला काही झालेलं नसताना माणूस एका गोष्टीची एवढी काळजी करू शकतो, हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं. अर्थात तेव्हा मला ते वेडच वाटायचं. कवठे येमाईचे आबा दवाखान्यात येईपर्यंत आम्हा सगळ्यांनाच तसं वाटत होतं.

आबा फौजेत ड्रायव्हर होते. दर महिन्याला बीपीच्या गोळ्या न्यायला यायचे. त्या दिवशी सोबत त्यांचा मुलगा होता. तोही फौजेत, रजेवर आलेला, सत्तावीस-अठ्ठावीसचा, दारात मावणार नाही एवढा रुंद. गावच्या यात्रेत कुस्त्या मारून मोठा झालेला. रजा संपली की त्याला कमांडो कोर्सला जायचं होतं, आणि आबांचं ते अर्ध्या तालुक्याला सांगून झालं होतं.

"लई समजूतदार झालाय आता," आबा दंड पुढं करत म्हणाले. "आदी एक वाक्य बोलायचा तर त्यात तीन शिव्या. गावात बाया कानावर हात ठिवायच्या. आता बगा, गप बसतो. इचारलं तेवढंच बोलतो. फौजंनं मानूस केला."

मेजरांचा बीपीचा फुगा दाबणारा हात थांबला. त्यांनी मुलाकडं बघितलं. तो आत, ट्यूबलाइटखाली, गॉगल लावून बसला होता.

"गॉगल कशाला?"

"इस्टाईल हाय त्याची," आबा म्हणाले.

"कधीपासून गप्प आहे?"

"रजंवर आला तवापासनं."

मेजरांनी आबांच्या दंडाचा पट्टा तसाच फुगलेला ठेवला आणि मुलासमोर स्टूल ओढलं. "आज वार कोणता, जवान?"

"मंगळवार."

गुरुवार होता.

"रजंवर वार कुनाच्या ध्यानात ऱ्हातो?" आबा हसले. बाकावरचे दोघंतिघंही हसले.

पाच शब्दांपैकी त्याला दोन आले. महिने उलटे म्हणताना डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर नीट आले, मग ऑगस्ट आला, मग काहीच नाही. तो चिडला. समोरचं स्टूल त्यानं लाथेनं उडवलं आणि लगेच स्वतःच ओशाळून उचलून ठेवलं. मेजरांनी त्याला एका पायावर उभं केलं. बाकानं सवयीनं मोजायला सुरुवात केली. "एक… दोन… तीन…" सहाला तो झुकला आणि सलाइनच्या स्टँडला धरून कसाबसा सावरला. एवढा मोठा गडी. बाकावर कुणी सातवा आकडा म्हटला नाही.

"कधी लागलं?" मेजरांनी हळूच विचारलं.

आठ-दहा दिवस आधीचं होतं. ट्रेनिंगमध्ये भिंतीवरून दोरीनं उतरताना हात सुटला होता. हेल्मेट होतं, रक्त आलं नव्हतं. दोन मिनिटं डोळ्यांपुढं अंधारी आली, मग उठून तो पुन्हा रांगेत उभा राहिला. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं की कोर्स गेला. आणि लगेच रजा लागली होती.

डॉक्टर मॅडमनी त्याच दिवशी त्याला स्कॅनसाठी पुण्याला धाडलं. स्कॅन नॉर्मल आला. आबा ती काळी फिल्म झेंड्यासारखी हलवत दवाखान्यात आले. "झालं समाधान? काय बी न्हाई निगालं!"

"आबा," मेजर म्हणाले, "ह्यात डबा दिसतो. दही दिसत नाही."

आबांनी मॅडमकडं बघितलं. मॅडमनी, बहुधा आयुष्यात पहिल्यांदा, मेजरांची बाजू घेतली. रक्तस्राव नाही ही चांगली गोष्ट, पण मेंदू हादरलाय, आणि तो सावरायच्या आत पुन्हा मार बसला तर फार महागात पडेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. तेव्हा आबांनी त्यांच्यापुढं मान हलवली. पण त्या दिवसापासून त्यांनी मेजरांशी बोलणं सोडलं. काही सांगायचं झालं तर माझ्याकडं बघून म्हणायचे, "ताई, ह्यांना सांगा." मेजर फुटभर अंतरावर उभे असायचे.

उपचार म्हणजे औषध जवळजवळ नव्हतंच. पायऱ्या होत्या. आधी विश्रांती, मग चालणं, मग हलकं पळणं, मग व्यायाम, आणि सगळ्यात शेवटी कुस्ती आणि दोरखंड. प्रत्येक पायरीवर डोकं दुखलं तर एक पायरी खाली यायचं. हे घरच्यांना कसं समजवायचं, म्हणून मेजरांनी एका पुठ्ठ्यावर सापशिडी काढली. सापांच्या तोंडाशी लिहिलं, मोबाइल, डीजे, ट्रॅक्टर, कुस्ती. पुठ्ठा कवठ्याला घेऊन जाऊन त्यांच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगला. सोंगटी म्हणून एक टाचणीचं लाल बटण होतं. आबा कडाडले, "ताई, ह्यांना सांगा, सरहद्दीवरचा जवान हाय त्यो! सापशिडी खेळतो व्हय?" मुलाच्या आईनं मात्र पुठ्ठा नीट निरखला आणि विचारलं, "मिक्सर कोनत्या सापात येतो?"

दर तिसऱ्या दिवशी दवाखाना सुटला की मेजर एसटीनं कवठ्याला जायचे. नोंदी नीट राहाव्यात म्हणून मॅडमनी कधीकधी मलाही पाठवलं. अंगणात खुर्च्या मांडलेल्या असायच्या, चहा यायचा, आणि तो रुंद गडी एका पायावर उभा राहायचा. सहावरून नवावर, नवावरून बारावर. शब्द दोनाचे तीन झाले. एकदा गोठ्यात चोरून त्यानं मोबाइलवर क्रिकेटची अख्खी मॅच बघितली आणि दुसऱ्या दिवशी ओकाऱ्या सुरू झाल्या. बटण सापानं खाली आलं.

आणि मग यात्रा आली.

त्या दुपारी दवाखान्याच्या फोनवर मुलाच्या आईचा फोन आला. मीच घेतला. ती इतकंच म्हणाली, "मेजरांना सांगा, सोंगटी सापाच्या तोंडात चालली. लवकर या." आबांनी गावात शब्द दिला होता, मुलाचं नाव कुस्तीच्या यादीत आधीच गेलं होतं, आणि आता माघार घेतली तर चारचौघांत तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मी मॅडमची स्कूटी काढली. मेजर मागं बसले. हेल्मेट त्यांच्या डोक्यावर होतंच. वाटेत प्रत्येक गतिरोधकाला ते म्हणायचे, "सावकाश, ताई, दही."

आम्ही पोहोचलो तेव्हा हलगी कडाडत होती. चौफेर माणसं, मध्ये लाल माती, आणि मातीत आबांचा मुलगा लंगोट लावून उभा. समोर दौंडकडचा एक पैलवान. मेजरांनी बूट काढले, मोजे काढले, मोजे बुटांत नीट खोचले, पॅन्ट दोनदा दुमडली, आणि हेल्मेट तसंच ठेवून थेट मातीत उतरले.

माइकवरचा माणूस गोंधळला. "हे… हे कोन पाव्हनं? आवो, हेल्मेट घालून कुस्ती चालत न्हाई!"

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "कनेक्शन मेजर आलं!" एकच हशा पिकला. दौंडच्या पैलवानाला वाटलं, जोड बदलली. तो बिचारा सभ्य होता. त्यानं वाकून माती उचलली, मेजरांच्या हाताला हात लावून रीतसर सलामी दिली आणि पवित्रा घेतला. मेजरांनी त्याला कडक सॅल्यूट ठोकला आणि सरळ जाऊन माइक घेतला.

"मला दोन मिनिटं द्या. हा जवान माझे पाच शब्द बरोबर म्हणाला तर मी बाजूला होतो आणि स्वतः हलगी वाजवतो."

लोकांना हे फार आवडलं. आबा कडेला उभे होते, लालबुंद. मुलगा खाली बघत होता.

"कोंबडी, टाकी, गुलाब, वीट, चमचा," मेजर माइकवर म्हणाले. त्यानं ते मागोमाग म्हटले. मग मेजरांनी थोडे उलटे आकडे विचारले, वार विचारला, आणि म्हणाले, "आता ते पाच."

"कोंबडी…"

"टाकी! टाकी!" गर्दी ओरडली.

"कॉपी करू देऊ नका!" मेजर माइकवर गरजले. "तुम्ही सगळे पास आहात! त्याला बोलू द्या!"

हजारभर माणूस श्वास धरून उभा होता.

"कोंबडी… गुलाब…" त्यानं कपाळावर हात ठेवला. "हलगी…"

हलगीवाल्यानं चमकून आपल्या हलगीकडं बघितलं. कुणीतरी हसायला सुरुवात केली आणि थांबलं. मुलगा अजून शोधत होता. डोळे बारीक करून, उन्हात, घामानं निथळत, तो घरात हरवलेली वस्तू शोधावी तसा स्वतःच्या डोक्यात शोधत होता, आणि ते सगळ्या गावाला दिसत होतं. मग त्यानं आबांकडं बघितलं.

"आबा, डोकं लई ठनकतंय."

हळूच म्हणाला, पण माइक जवळच होता.

दौंडचा पैलवान पहिल्यांदा हलला. त्यानं कडेला पडलेला आबांच्या मुलाचा सदरा आणून त्याच्या खांद्यावर टाकला. "दादा, पुढल्या वर्साला खेळू," म्हणाला. आबा मातीत उतरले. त्यांनी डोक्याचा फेटा सोडला आणि मुलाच्या डोक्यावर, डोळ्यांवर ऊन येणार नाही असा धरला. तसंच धरून त्याला बाहेर नेलं. माझ्यापाशी आल्यावर थांबले. मेजर शेजारीच मोजे घालत होते.

"ताई, ह्यांना सांगा," आबा म्हणाले. आवाज बसला होता. "उद्यापासनं ते बटन मी हलवनार."

आणि त्यांनी ते असं हलवलं की विचारू नका. मेजर परवडले असं घरच्यांना झालं. घरापासून दोनशे पावलांवर ट्रॅक्टर बंद करून ढकलत आणायचा, असा आबांनी नियम काढला. मिक्सर कपाटात गेला आणि तीन आठवडे चटणी पाट्यावर वाटली गेली. कोंबडा पहाटे आरवतो म्हणून त्याला भावाकडं पाठवलं. गावातला वरातीचा डीजे आबांनी चौकात काठी आडवी धरून परत फिरवला, आणि नवरदेव घोड्यावर बसून नुसत्या टाळ्यांवर लग्नाला गेला. एकदा आम्ही गेलो तेव्हा आई मेजरांना बाजूला घेऊन कुजबुजली, "मेजर, ह्यांचंबी डोकं तपासा येकदा."

पण गडी सुधारत गेला. बारावरून वीस. तिनाचे पाच. ऑगस्ट आणि ऑक्टोबरच्या मध्ये सप्टेंबर परत आला, त्या दिवशी आईनं शिरा केला. फक्त जोरात पळालं की कानशिलं अजून ठणकायची, आणि रजा संपत आली होती.

मेजरांनी त्याच्या युनिटच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहायला घेतली. काय झालं, कधी झालं, कोणत्या दिवशी किती शब्द, किती सेकंद, सगळं. शेवटी वरची नावाची रिकामी ओळ भरायला आले आणि थांबले. पेन तसंच धरून मला हळूच म्हणाले, "ताई, ह्याचं नाव काय?"

आबांनी माझ्याकडं बघितलं. "ताई, ह्यांना सांगा, पाच हप्तं माज्या घरात च्या पितायत! पोराच्या डाव्या पायाचं सेकंद ह्यांना पाठ, आन् नाव ठावं न्हाई?"

त्यावर मुलगा हसला. मी त्याला हसताना पहिल्यांदाच बघितलं. पण चिठ्ठी हातात घेतल्यावर त्याचं हसू गेलं.

"ही दिली तर कोर्स गेला, मेजर."

"ह्या वेळचा गेला."

"आन् न्हाई दिली तर?"

"तर भिंत आहेच," मेजर म्हणाले. "मी चिठ्ठी तुझ्या खिशापर्यंत आणू शकतो. खिशातून पुढं तूच."

त्याची गाडी दौंडहून होती. मी दौंडचीच, म्हणून स्टेशनवर मीही गेले. मेजर त्याला काही बोलले नाहीत, काही विचारलं नाही. फक्त डब्याच्या दारात चढताना "वर बघ" एवढं म्हणाले. गाडी हलली, त्यानं हात केला, आणि दुसरा हात शर्टाच्या खिशावर होता. तो खिसा चाचपत होता का चुरगळत होता, ते लांबून कळेना. आबा गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभे होते. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "ताई, ह्यांना इचारा, देईल का?"

"सांगता येत नाही," मेजर म्हणाले.

नंतर तीन आठवडे काही कळलं नाही. घरी फोन यायचा तेव्हा तो "बरं हाय" म्हणून ठेवून द्यायचा.

मग महिन्याच्या गोळ्यांचा दिवस आला. बाक भरलेला होता. आबांच्या दंडाला बीपीचा पट्टा होता, मेजर पलीकडं हातमोजे घालून कुणाच्या तरी गुडघ्याचं ड्रेसिंग करत होते, आणि ट्रेमध्ये ठेवलेला त्यांचा मोबाइल वाजला. मेजर म्हणाले, "ताई, घ्या. स्पीकरवर टाका."

मी बटण दाबलं.

"मेजर!" असा आवाज आला, आणि त्यानंतर जे आलं ते मला इथं लिहिता येणार नाही. मेजरांच्या आईवडिलांपासून सुरुवात झाली, त्यांच्या मिशा, त्यांची वही, त्यांचं हेल्मेट, त्यांचा हत्ती, सगळ्यांचा उद्धार झाला. चिठ्ठी त्यानं दिली होती. युनिटच्या डॉक्टरांनी त्याला लगेच एका पायावर उभं केलं होतं, पाच शब्द दिले होते, पळवून बघितलं होतं, आणि कोर्स पुढच्या बॅचवर ढकलला होता. आज त्यांनी त्याला फिट म्हणून सही दिली होती, पण पुढची बॅच चार महिन्यांवर, आणि तोवर त्याला स्टोअरमध्ये चादरी मोजायला बसवलं होतं. चादरी! हा शब्द त्यानं सहा वेगवेगळ्या विशेषणांसकट उच्चारला. चार मिनिटं तो न थांबता, न अडखळता, कुठंही धागा न सोडता बोलला. बाकावरचे म्हातारे जाणकारांसारखे माना डोलवत होते. डॉक्टर मॅडम केबिनमधून बाहेर आल्या, दोन वाक्यं ऐकली आणि परत आत गेल्या.

"…आन् आमच्या म्हाताऱ्याला म्हनावं गोळ्या येळंवर घे!" शेवटी तो ओरडला, आणि फोन कटला.

मी मेजरांकडं बघितलं. ते ड्रेसिंगची पट्टी हातात तशीच धरून उभे होते.

आबा कधीच उठून उभे राहिले होते. पट्टा दंडाला, नळी ताणलेली, मशीन टेबलाच्या कडेला आलेलं. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"आवाज ऐकला का त्याचा?" ते बाकाला म्हणाले. "माझं प्वार हाय ते. माझं प्वार!"

"आबा, बसा," मेजर म्हणाले. "आता बीपी बघण्यात अर्थ नाही. दहा मिनिटं बसा."

आबा बसले. गमछ्यानं तोंड पुसलं. मग माझ्याकडं न बघता, सरळ मेजरांकडं वळून म्हणाले, "मेजर, परत लावा की तो फोन."